दोर आमच्या घरचा

लेंट सुरू झाला की माझा मोबाईल टुणटुणायला लागतो. ईस्टरच्या आधीचा हा उपासाचा काळ, पण संदेशांचा उपास कुणीच करत नाही. दात घासायच्या आधी उगवता सूर्य, त्याखाली पांढरी फुलं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'आशा सोडू नका'. पाठवणारी माणसं चांगली आहेत, आमच्याच मंडळीतली आहेत, त्यांतल्या निम्म्यांना मी शाळेत पाढे शिकवलेत. तरी माझं डोकं फिरतं. मी एकेक सूर्य पुसून टाकते. आमचे हे चहाचा कप पुढं करत म्हणतात, "सकाळी सकाळी कशाला तापतेस?" मी म्हणते, मी नाही तापले, सोलापूर तापलंय.

ते खोटंही नाही. आमच्याकडे वसंत ऋतू फक्त पाठ्यपुस्तकात येतो. थंडी गेली की थेट ऊन. रस्त्यानं कडबा भरलेल्या गाड्या जातात आणि त्यांची वाळकी पानं गल्लीभर उडत राहतात. कडुलिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो, त्याचा कडसर गोड वास संध्याकाळी अंगणात उतरतो, तेवढीच काय ती मेहेरबानी. नळाला पाणी पाळीनं येतं, आणि पाळी कधी येणार हे पाण्यालाही ठाऊक नसतं. पलीकडच्या कारखान्यातले माग दिवसभर खडखडतात. असल्या दिवसांत लोकांना आशा सुचते कशी हे मला कोडं आहे. मला ह्या दिवसांत एक पाळणा आठवतो.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या घरांमध्ये, एक पाळणा फिरता आहे. कुणी करून दिला हे आता कुणालाच सांगता येत नाही. सागवानी आहे. कठड्यावर रंगीत लाकडी राघू होते, त्यांतला एकच उरलाय, आणि त्याचीही चोच कितीतरी बाळांनी चघळून बोथट केलीय. ज्या घरी बाळ येईल त्या घरी पाळणा जातो. बाळ त्यात मावेनासं झालं की पुढच्या घरी. देणाऱ्या घरानं तो धुऊन द्यायचा आणि नवा दोर बांधून द्यायचा, आणि दोर देणाऱ्या घरचाच हवा. म्हणजे ज्या घरात एक लेकरू झोपून मोठं झालं, त्या घरच्या दोरावर दुसऱ्या घरचं लेकरू झोपतं. ह्यात उपदेश नाही, चर्चच्या कुठल्या पाळकांनी, पाद्र्यांनी, हे शिकवलेलं नाही. बायकांनी पाडलेली रीत आहे आणि म्हणून ती टिकली. माझा विनय त्याच पाळण्यात मोठा झाला. आणखी एक रीत होती. बाळ घरी आलं की मगच पाळणा हलायचा, आधी नाही. ती रीत आमच्या वेळी मोडली.

विनयची बायको स्नेहल नातेपुत्याची. शेतीवाडीतलं घर, माणसं थोडकं बोलणारी. लग्न होऊन आली ती शिलाई मशीन घेऊनच. शाळांच्या गणवेशांचं काम घरी आणायची; मधल्या खोलीत निळ्या, खाकी, चौकड्यांच्या कापडांचे ढीग, आणि मशीनच्या खाली उरलेल्या पट्ट्यांचं एक पोतं, कायम फुगलेलं. तिची मशीन सकाळपासून चालायची. मी एकदा म्हटलं, अगं, जरा टेक. ती म्हणाली, "बसून काय करायचं, आई? बसल्यावर मला झोप येती." तिला दिवस गेले तेव्हाही मशीन थांबली नाही, फक्त पोटामुळं खुर्ची थोडी मागं सरकली.

त्या वर्षी लेंट सुरू झाला आणि त्याच सुमाराला डॉक्टरांनी सांगितलं की बाळाची वाढ म्हणावी तशी नाही. जपायला हवं. एवढंच म्हणाले. पण मंडळीत अशी गोष्ट एवढ्यावर राहत नाही. दुसऱ्याच दिवशी चर्चचं भगिनी मंडळ आमच्या सतरंजीवर येऊन बसलं. पुढं मार्था.

मार्था ही माझ्या वयाची, माझ्याबरोबर संडे स्कूलला होती, पण सगळी मंडळी तिला मार्थामावशी म्हणते. भगिनी मंडळ तिच्या हाताखाली आहे, कुणाच्या घरी काय शिजतंय इथपासून कुणाच्या मनात काय शिजतंय इथपर्यंत तिला खबर असते. आवाज असा की तिला माईक दिला तर लोक पुढच्या बाकावरून उठून मागं जातात. त्या बायकांनी उपास धरले, स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्या, भर उन्हात येत राहिल्या. हे मी नाकारत नाही. ज्या पाण्याच्या पाळीला माझा पाय मुरगळला होता, त्या दिवशी मार्थानंच माझे हंडे भरले. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

पुढच्या तपासणीत जरा सुधारणा दिसली. जरा. डॉक्टरांचा शब्द तोच होता. मार्थानं रविवारी उपासनेत उभं राहून सांगितलं की प्रभूनं बाळाला बरं केलं. टाळ्या झाल्या. आणि मग तिच्या डोक्यातून निघालं, आता उपकारस्तुती. आपण देवाचे आभार मागाहून मानतो, ह्या वेळी आधी मानू. पाळणासुद्धा आताच नेऊ.

"मार्था, बाळ येऊ दे की आधी," मी म्हटलं.

"बाई, हाच तर विश्वास," ती म्हणाली. मी शाळेत शिकवायचे म्हणून सगळे मला बाई म्हणतात, तीही. "हातात पडल्यावर कुणीही आभार मानतं."

स्नेहलच्या तोंडाकडं पाहिलं तर ते उजळलं होतं. मंडप नव्हता, पण पुलाव होता, शेंगाची चटणी होती, गाणी होती. चार बायका पाळणा डोक्यावर घेऊन गल्लीतून गात आल्या. शेजारच्या तेलुगू कुटुंबातली म्हातारी दारात येऊन बघत राहिली, तिला वाटलं बाळ झालं. मधल्या खोलीत छताच्या कडीला पाळणा टांगला गेला. त्या रात्रीपासून स्नेहल मशीनवर बसली की पायानं मशीन चालवायची आणि मधूनच हात लांबवून रिकामा पाळणा हलवायची.

मग ती वेळेच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. तिनं एकदा आवाज काढला, आणि नर्स म्हणाली की आवाज चांगला आहे. संध्याकाळी ती गेली. नाव ठेवायचं राहिलं होतं. रिक्षात विनयनं तिची पेटी मांडीवर धरली होती आणि खड्डा आला की तो पेटीवर हात ठेवायचा. ख्रिस्ती स्मशानभूमीच्या भिंतीकडेला लहान मुलांची एक ओळ आहे, तिथं तिला ठेवलं. मी देवाला त्या दिवशी काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द मी परत घेतलेला नाही.

त्यानंतर लोक यायला लागले. सांत्वनाला येणारी माणसं चपला दाराबाहेर काढतात आणि अक्कलही तिथंच ठेवतात की काय कोण जाणे. एकानं सांगितलं, देवाला आपल्या बागेत कळ्याही लागतात. मी म्हटलं, बाजारात ढिगानं मिळतात, त्यानं तिथून घ्याव्यात. एक म्हणाली, अजून तरुण आहे, दुसरं होईल. जणू दुधाची पिशवी फुटली. एक जण म्हणाला, ह्यातही देवाची काहीतरी योजना असेल. मी त्याला विचारलं, असल्या योजनेत तू तुझी नात दिली असतीस का? तो उठून गेला. मला बरं वाटलं.

स्नेहल मधल्या खोलीच्या आतल्या खोलीत असायची. दार लोटलेलं. छाती दुधानं ताठायची म्हणून मी कापड घट्ट बांधून द्यायचे, तेवढ्यापुरती ती माझ्याकडं पाहायची. मशीन बंद. रडत नव्हती, हेच मला जास्त भीतीचं वाटत होतं. विनय एकदा पाळणा काढायला गेला तर आतून आवाज आला, "हात लावू नका त्याला." मग आम्ही सगळे त्या खोलीतून अंग चोरून, वाकून जायला लागलो. पंखा लावला की तो थोडा हलायचा. म्हणून पंखाही लावेनासे झालो, त्या उकाड्यात.

आणि मार्था आली. तिनं आतल्या दाराशी जाऊन, मुद्दाम नाही, पण तिच्या त्या आवाजात म्हटलं, "पोरी, आपण सगळ्यांनी मागितलं होतं. मग कुठं अडलं? कुठंतरी विश्वासात कमी पडलं असेल. तपासून बघ."

मी उठले, दारात गेले आणि तिच्या चपला जोडून समोर ठेवल्या. "मार्था, घाल," म्हटलं. "आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस." लहानपणापासूनची मैत्रीण. तिनं चपला घातल्या आणि गेली. तेव्हापासून दारावर मी स्वतः बसायला लागले. कुणी बायबल काखेत मारून येताना दिसलं की मी आधीच सांगायचे, ती झोपलीय. काहींना सांगायचे, मी झोपलेय.

एक गोष्ट मात्र कुणीच करायला आलं नाही. पाळणा न्यायला. रीतीप्रमाणं तो पुढच्या घरी जायला हवा होता, आणि पुढचं घर होतंही. पलीकडच्या गल्लीतल्या रूथला मुलगा झाला होता. मोहोळकडची पोरगी, सासर इथलं. तिचं बाळ साडीच्या झोळीत झोपतंय हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. मी एकीला विचारलंही. ती म्हणाली, राहू द्या की बाई, घाई काय आहे. दुसरी म्हणाली, त्यांना नवाच घ्यायचाय म्हणे. आता आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर आम्ही हसतो. अमावस्येला लग्न लावतो आणि वर ते चारचौघांत सांगतो. पण आमच्या घरातला पाळणा, तो कुणाला नको होता. ह्याचा जेवढा संताप मला आला तेवढा कदाचित त्या कळ्यांच्या बोलण्याचाही आला नसेल. तोंडानं सगळे आशा सांगत होते आणि पाळण्याला कुणी हात लावत नव्हतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी एकटीच चर्चला गेले. ऐन दुपारी तीन तास उपासना असते. क्रुसावर येशूनं जे सात उद्गार काढले त्यांवर सात जण बोलतात. वर पत्रा, बाहेर धग, पंख्यातून गरम वारा. चौथा उद्गार आला, जिथं तो देवालाच विचारतो की मला का सोडलंस. बोलणारे गृहस्थ अभ्यासू होते. ते समजावून सांगायला लागले की ही तक्रार नाही, हे एक जुनं स्तोत्र आहे आणि त्या स्तोत्राचा शेवट कसा गोड आहे. मी रुमालानं मान पुसत ऐकत होते. मला उठून म्हणावंसं वाटलं, अहो, त्याला ओरडू द्या की. त्याचे हातपाय ठोकलेत, आई समोर उभी आहे, आणि तुम्ही त्याच्या तोंडात गोड शेवट कोंबताय. त्यानं विचारलं. आणि वरून उत्तर आलं नाही. त्या दुपारी तरी नाही.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी त्याच्यापुढं गुडघे टेकले, पण तो मला माझ्या घरातला वाटला तो त्या दुपारी. त्याचीही प्रार्थना ऐकली गेली नव्हती. त्यालाही कुणीतरी म्हटलंच असेल की विश्वासात कमी पडला. मला त्यानं धीर वगैरे दिला नाही. पण ज्याच्याशी भांडायचं तोच आपल्या बाजूला उभा राहून भांडतोय, असं काहीतरी वाटलं, आणि घरी येताना माझा राग तेवढाच होता पण मी त्यात एकटी नव्हते.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्यात कबरींना चुना देतात. आमच्या ह्यांनी शुक्रवारीच चुन्याची कळी पिंपात भिजवली होती. चुना पाणी पितो, रटरटतो, वाफ सोडतो. अंगणात उभं राहवत नाही. शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं, कळशा-बादल्या भरून झाल्या. चुन्यात नीळ घालून हे काठीनं ढवळत होते. मी दारातल्या माझ्या जागेवर. ऊन वर आलं होतं, आणि गल्लीतून रूथ येताना दिसली. डोक्यावरून पदर, खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ.

मी उठून दार अडवूनच उभी राहिले. "बाळंतीण असून बाहेर कशाला आलीस?" मी आवाज खाली ठेवून म्हटलं. "आणि ह्याला घेऊन? ह्या घरात?"

"मग कुनापाशी ठिवू, बाई?" ती म्हणाली. "सासूबाई बाजारला गेल्यात. त्या म्हनल्या, त्या घरचा पाळना आनायचा न्हाय. म्हनून त्या गेल्या आन मी आले. पाळना न्यायला आलेय."

"नवा घेताय ना तुम्ही?"

"कुनी सांगितलं? माजं लेकरू झोळीत झोपतंय. मंडळीतली समदी लेकरं त्या पाळन्यात झोपली. ह्यानंच काय केलंय?"

काल-परवाची पोर. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती." तिनं बाळ ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "रातभर जागी होते. पन भ्या वाटतं म्हनून तुमचा पाळना तुमच्याच आढ्याला टांगून ठिवायचा व्हय? मग रविवारी आमी तितं जाऊन काय म्हनतो?"

मी म्हटलं, "ने मग. पण दोर तुझ्या घरचा बांध. आमच्या घरचा नको."

"असं कसं? दोर देनाऱ्या घरचाच लागतो की. तशीच रीत हाय न्हवं?"

तेवढ्यात बाळ रडलं. टॉवेलातून एक बारीक, चिडका आवाज. घर लहान आणि दारं पातळ. मी रूथला ढकलून बाहेर काढणार होते, खरंच काढणार होते, आणि मागं आतल्या खोलीचं दार वाजलं.

स्नेहल दारात उभी होती. केस न विंचरलेले, गाऊनवर ओढणी. तिच्या हातात दोर होता. निळ्या, खाकी, चौकड्यांच्या पट्ट्यांचा, तीन पदरी, मनगटाएवढा जाड, वळून वळून गुळगुळीत झालेला. चार तुकडे, प्रत्येकाचं टोक सुईनं शिवलेलं. मशीनखालचं पोतं चपटं झालेलं मी पाहिलं होतं, मला वाटलं होतं विनयनं कचरा टाकून दिला.

"दोर तयार हाय," ती रूथला म्हणाली. "कवाधरनं वाट बघतेय. कुनीच येईना."

मी बाजूला झाले. इतके दिवस मी दारावर पहारा देत होते, आणि आतली बाई कुणीतरी यावं म्हणून दोर वळत बसली होती. मला कुणी सांगायचं तरी होतं. आमचे हे चुन्याची काठी हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले, काठीवरून पांढरे थेंब फरशीवर पडत होते.

तिनं जुना दोर सोडला, नवा बांधला. बापाच्या गोठ्यात शिकलेली गाठ, ताण पडला की आणखी आवळणारी. चारी गाठी ओढून पाहिल्या. मग स्वयंपाकघरात गेली, सकाळीच भरलेली कळशी काखेला मारून आणली आणि पाळण्यात ठेवली. पाळणा हलवला. एकदा हळू, एकदा जोरात. दोर कुरकुरला नाही, पाणी सांडलं नाही. तिनं कळशी काढली, ओढणीनं पाळणा पुसला आणि रूथला म्हणाली, "आता घाल त्याला."

"हितंच?"

"हितंच. एकदा."

रूथनं बाळ पाळण्यात ठेवलं. ते रडत होतंच. स्नेहलनं पाळणा हलवला आणि ते थांबलं. आणि मग स्नेहल रडली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, गळा मोकळा सोडून, पाळणा हलवायचा न थांबवता. रूथही रडायला लागली. मला वाटलं, ते बाळ उचलावं आणि दोघींना घराबाहेर काढावं. आणि त्याच क्षणी वाटलं की कुणी हे थांबवू नये. दोन्ही खरं होतं.

दुपारी विनय आणि हे पाळणा रिक्षात घालून रूथच्या घरी देऊन आले. तिच्या सासूनं काय तोंड केलं ते मला बघायला मिळालं नाही, ह्याची हळहळ अजून आहे. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर स्नेहल आमच्याबरोबर स्मशानात आली. भिंतीकडेच्या त्या ओळीत, एवढ्याशा मातीला, तिनं स्वतः चुना दिला. हातानं दिला, ब्रश घेतलाच नाही. बोटं भाजतील म्हटलं तर म्हणाली, "भाजू द्या."

ईस्टरला आम्ही अंधार असतानाच स्मशानात जमतो. हातात मेणबत्त्या, कबरींवर झेंडूची फुलं, चुन्याचा ओला वास. सोलापुरात वर्षातून तेवढीच पहाट गार असते असं मला नेहमी वाटतं. पूर्वेला उजाडलं की पाळक मोठ्यानं म्हणतात, ख्रिस्त उठला आहे. आणि सगळ्यांनी म्हणायचं, खरोखर उठला आहे. तीनदा. हे मी बोलायला लागल्यापासून म्हणत आलेय. त्या पहाटे मी ठरवून आले होते की म्हणायचं नाही. उठला असेल तर चांगलंच आहे, पण माझी नात उठली नाही, आणि त्याला कळू दे की माझ्या ते लक्षात आहे.

पाळकांनी म्हटलं, सगळ्यांनी उत्तर दिलं. मी तोंड मिटून. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. माझ्या शेजारी स्नेहलनं हळू आवाजात तिन्ही वेळा म्हटलं, त्या पांढऱ्या मातीकडं बघत. तिची बोटं चुन्यानं सोलवटली होती. लोक गाण्याची पानं उलटायला लागले. आणि सगळं शांत झाल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, माझ्या तोंडून निघालं, "खरोखर उठला आहे." उशिरा, एकटीचं, आणि इतक्या रागानं की पुढचे लोक मागं वळून बघायला लागले. वर्गात पोराला उत्तर येत असून तो देत नाही तेव्हा मी जशी ओरडायचे, त्या आवाजात. पण म्हटलं.

स्नेहलला पुढं मूल झालं का, हे तुम्ही विचारणार. देवानं काय दिलं त्याच्या चर्चमधल्या साक्षी ऐकून ऐकून सगळ्यांना तीच सवय लागलीय, शेवटी काय मिळालं ते सांगा. नाही झालं. डॉक्टर झाले, प्रार्थना झाल्या, नाही झालं. ती गणवेश शिवते. पाळणा फिरतो आहे. दोर अजूनही देणाऱ्या घरचाच लागतो, पण वळून घ्यायला बायका आपापल्या घरच्या जुन्या साड्या घेऊन स्नेहलकडे येतात. ती प्रत्येक गाठ ओढून बघते आणि पाळण्यात पाण्याची कळशी ठेवते. ते बघताना कधी तिचा चेहरा घट्ट होतो, मग मी चहा टाकते. मार्थाला खात्री होती. खात्री त्या एका संध्याकाळी मोडली आणि तिचे तुकडे माझ्या सुनेच्या पायात रुतले. रूथला खात्री नव्हती, भीती होती, आणि ती बाळ घेऊन आली. आशा म्हणतात ती ह्यालाच म्हणत असतील तर मला मान्य आहे. सोनेरी अक्षरांतली मला आजही नको.

मार्थानं माफी मागितली नाही. मीही तिला चहाला बोलावलं नाही. चर्चमध्ये ती तिच्या बाकावर, मी माझ्या. पण त्या पहाटेची मला खोड लागली ती लागलीच. दर ईस्टरला सगळ्यांचं म्हणून होतं, आणि माझं मागाहून निघतं. माझा त्याच्याशी रोजचा वाद असतो, तो मिटेपर्यंत वेळ लागतो. जुन्या पाळकांना हे ठाऊक होतं, ते जरा थांबायचे.

मागच्या ईस्टरला नवे पाळक होते. तरुण, उत्साही. तिसरं उत्तर झालं तसं त्यांनी पुस्तक उघडलं आणि गाण्याचा आकडा सांगायला लागले. मी त्या लहान ओळीकडं बघत उभी होते, माझं अजून व्हायचं होतं. तेव्हा पलीकडून, माईक नसतानाही सगळ्या स्मशानाला ऐकू जाणारा तो आवाज आला.

"थांबा पाळकसाहेब," मार्था म्हणाली. "बाईंचं राहिलंय."